शिंप्याला कोट अडवता येतो, गवंड्याला भिंत का नाही?

शिंप्याने कोट शिवला आणि गिऱ्हाईकाने शिलाई दिली नाही, तर शिंपी तो कोट अडवून ठेवू शकतो. ही त्याची दांडगाई नव्हे, त्याचा कायदेशीर हक्क आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० तसे सांगते. पण हे कलम जंगम वस्तूंपुरतेच आहे. गवंड्याने भिंत बांधली, सेंट्रिंगवाल्याने स्लॅब उभा केला की ते सारे जमीनमालकाचे होते. मजुरी बुडाली तर गवंड्याने अडवून काय ठेवायचे? थापी आणि ओळंबा?

काही दिवसांपूर्वी प्लास्टरची कामे घेणारा एक पेटी कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे आला. आपलाच समाजबांधव. मुख्य ठेकेदार काम करून घेऊन पैसे न देता साइट सोडून गेला. मालकाकडे गेल्यावर मालक म्हणाला, "मी ठेकेदाराला सगळे पैसे दिलेत. तू कोण? मी तुला ओळखत नाही." बिगाऱ्यांची मजुरी मात्र याने व्याजाने पैसे काढून भागवली होती. पुरावा काय, तर खिशातली एक डायरी.

"मी तुला ओळखत नाही" हे वाक्य मालकाच्या तोंडून काढून घेणारा कायदा जगात आहे. अमेरिकेत त्याला 'मेकॅनिक्स लीन' म्हणतात. लीन म्हणजे धारणाधिकार. ज्याचे श्रम किंवा ज्याचे साहित्य इमारतीत गेले, त्याचे पैसे थकले तर त्या इमारतीवर आणि जमिनीवरच त्याचा बोजा चढतो. कॅलिफोर्निया राज्याने तर हा हक्क थेट आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवला आहे. बोजा असलेली मिळकत विकताना आणि तिच्यावर कर्ज काढताना अडचण येते. म्हणून मालकाला हिशेब मिटवावा लागतो. नाही मिटवला तर न्यायालयामार्फत मिळकत विकून पैसे वसूल करता येतात.

पण ज्या मालकाने ठेकेदाराला प्रामाणिकपणे पैसे दिले, त्याने पुन्हा का द्यावेत? याचे उत्तर म्हणजे प्राथमिक नोटीस. कॅलिफोर्नियात ज्याचा करार थेट मालकाशी नाही, अशा पोटठेकेदाराने आणि माल पुरवणाऱ्याने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य ठेकेदार आणि बांधकामाला कर्ज देणारी संस्था यांना कळवायचे असते की, मी या इमारतीवर काम करतो आहे. ही नोटीस म्हणजे भांडण नव्हे, ओळख आहे. ती मिळाली की मालक ठेकेदाराला पैसे देण्याआधी खालच्या माणसाचा हिशेब मिटला का, हे विचारू शकतो. नोटीस उशिरा दिली तर तिच्या आधीच्या २० दिवसांपलीकडचे काम हक्कातून वगळले जाते. रोजंदारीच्या मजुराला मात्र ही नोटीस द्यावी लागत नाही. त्याचे श्रम हीच त्याची नोटीस!

पुढेही तारखांचे बंधन आहेच. काम पूर्ण झाल्यावर साधारणपणे ९० दिवसांत लीनची नोंद करावी लागते. मालकाने काम पूर्ण झाल्याची रीतसर नोंद केली असेल तर पोटठेकेदाराला ३० दिवसच मिळतात. लीन नोंदल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल झाला नाही तर हक्क गेला. सरकारी इमारतीवर लीन चढत नाही. म्हणून केंद्र सरकारच्या कामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्याने ठेकेदाराकडून मजुरी व मालाच्या पैशांची हमी घेण्याची सोय केली.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. तिथला असा पहिला कायदा मेरिलँड राज्याने १७९१ मध्ये केला, तो वॉशिंग्टन ही नवी राजधानी लवकर उभी राहावी म्हणून. त्याच राजधानीच्या बांधकामावर काळे गुलाम राबत होते आणि त्यांच्या कामाचे पैसे त्यांच्या मालकांच्या हातात पडत होते. जे हातच दुसऱ्याच्या मालकीचे, त्यांना कसला हक्क? गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, हे आपण विसरता कामा नये.

आपल्याकडे काय आहे? किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले. तो खटला दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत नियोक्त्याने मजुरी बुडवली तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते. मजुराला किंवा त्याच्या युनियनला तीन वर्षांत दावा करता येतो आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार नियोक्त्यावर असतो. हे हत्यार वापरलेच पाहिजे. पण इमारतीवर बोजा नाही तो नाहीच. आणि पोटठेकेदाराच्या हाती उरतो तीन वर्षांच्या मुदतीचा दिवाणी दावा. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या रेरा कायद्याने त्यांच्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. ते योग्यच झाले. मग त्याच फ्लॅटच्या भिंती बांधणाऱ्यासाठी अशी सोय का नाही?

नाक्यावर उभे राहणारे बहुसंख्य लोक कोणत्या समाजातले असतात, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून बांधकामातील श्रमाला इमारतीवर धारणाधिकार देणारा कायदा झाला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी विधिमंडळापर्यंत न्यावी. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. साइटवर पाऊल टाकले की पहिल्या आठवड्यातच मुख्य ठेकेदाराला आणि मालकाला लेखी कळवा. कोणते काम, किती दराने, कोणत्या तारखेपासून, किती माणसे, हे त्यात लिहा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचपावती जपा. हजेरीवर आणि मोजमापावर दर आठवड्याला साइट इंजिनिअरची सही घ्या. अशा पत्राने आपल्याकडे मिळकतीवर बोजा चढत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण न्यायालयात "मी तुला ओळखत नाही" म्हणणे मालकाला जड जाईल.

पोट भरायला पुरेसे नाही तेव्हाही बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. शिकलेल्यांनी आता एवढे करावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास द्यावा आणि आपल्या वस्तीतल्या गवंड्यांची, सेंट्रिंगवाल्यांची ही पत्रे लिहून द्यावीत. जयभीम!