मऊ मांसाचं श्रेय पाण्याला नाही

पॉट रोस्ट म्हणजे बीफचा दीड-दोन किलोंचा अख्खा तुकडा, सोबत गाजर, बटाटे, कांदे आणि तळाशी थोडा रस्सा. अमेरिकेतल्या घरांत रविवारच्या जेवणाचा हा जुना पदार्थ गेली पन्नासेक वर्षं बऱ्याचदा स्लो कुकरमध्ये शिजतो. सकाळी भांडं भरायचं, झाकण लावायचं आणि आपापल्या उद्योगाला लागायचं. कृती इतकी सोपी, तरी फळ मात्र बेभरवशाचं. कधी मांस नुसत्या काट्याने सुटतं, कधी दात दुखावेत इतकं चिवट राहतं, तर कधी त्याचे कोरडे धागे होतात. खापर यंत्रावर फुटतं, पण खरा दोष एका समजुतीचा आहे. मांस ओलाव्याने मऊ होतं, म्हणून ओलावा आत कोंडून ठेवला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. या पदार्थाभोवतीचे बाकीचे बरेचसे गैरसमज याच एका समजुतीतून निघाले आहेत.

कच्च्या मांसात वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. मांस तापू लागलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला तंतूंभोवतीचं कोलॅजनचं आवरणही आकुंचन पावतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. तुकडा कोरड्या भट्टीत आहे की रश्शात बुडालेला आहे, याने त्यात फरक पडत नाही. पाण्यात तासभर उकळलेल्या कोंबडीच्या छातीचा चोथा होतो, तो काही पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. मग सात-आठ तास शिजलेला रोस्ट रसाळ कसा लागतो? याच कोलॅजनमुळे. सत्तर अंशांच्या पुढे ते वेगाने विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. तंतूंना बांधून ठेवणारा चिवट धागा सुटतो आणि त्याच्या जागी ओठांना किंचित चिकटणारा स्निग्धपणा येतो. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं, तेही याच जिलेटिनमुळे. रोस्टचा रसाळपणा राखून ठेवलेल्या पाण्याचा नसतो. पाणी गेल्यावर जिलेटिनने आणि वितळलेल्या चरबीने भरून काढलेली ती तूट असते.

हे एकदा ध्यानात आलं की सर्वांत महागात पडणारा गैरसमज उघडा पडतो: रोस्ट चिवट लागला म्हणजे तो जास्त शिजला. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमानुसार बीफचा अख्खा तुकडा आतून ६३ अंशांना पोचला आणि ३ मिनिटं तसाच ठेवला की खायला सुरक्षित. सुरक्षित म्हणजे मऊ नव्हे. पंचाहत्तर अंशांना तर हाच तुकडा आपल्या सर्वांत वाईट अवस्थेत असतो, कारण पाणी बाहेर पडलेलं असतं आणि कोलॅजन अजून बरंचसं शाबूत असतं. थर्मामीटरवर हा आकडा पाहून घाबरलेला स्वयंपाकी कुकर बंद करतो आणि नेमका तिथेच फसतो. मांसाचा मधला भाग ९० ते ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे काही काळ राहायला हवा. यावर स्टेकचं उदाहरण पुढे केलं जातं, की तो पंचावन्न अंशांनाही छान मऊ असतो. असतो, पण तो जनावराच्या वेगळ्या भागाचा असतो. कमरेजवळचा टेंडरलॉइन फारसं काम न करणारा स्नायू आहे. त्यात कोलॅजन कमी, म्हणून तो पटकन भाजून खायचा. खांद्याचा चक रोस्ट आयुष्यभर राबलेला, चरबीच्या आणि कोलॅजनच्या रेषांनी भरलेला. महाग भाग घेतला तर रोस्ट आणखी चांगला होईल, हा हिशेब इथे उलटा पडतो. विरघळायला काही नसलेला टेंडरलॉइन आठ तासांनी कोरडाच निघणार. मागच्या पायाचा आय ऑफ राउंडही दिसायला देखणा आणि कापायला सोपा, पण फार रुक्ष. महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. तिथल्या म्हशीच्या किंवा बोकडाच्या खांद्यालाही मात्र हेच गणित लागू पडतं.

ओलावा कोंडण्याच्या कल्पनेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती युस्टस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. मांसाला सुरुवातीलाच कडक आच दिली की बाहेर कवच तयार होतं आणि रस आत राहतो, असं त्याने १८४७च्या सुमारास मांडलं. पुढच्या काळात भाजण्याआधी आणि भाजल्यानंतर मांसाचं वजन करून पाहिल्यावर हा दावा टिकला नाही. स्वयंपाकाच्या शास्त्रावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅगी यांच्या १९८४मधल्या पुस्तकानंतर तर त्याला शास्त्राचा आधार उरला नाही. पुरावा तव्यावरच ऐकू येतो. मांस टाकल्यावरचा चर्र आवाज रस बाहेर येऊन वाफ होण्याचा असतो, आणि कवच तयार झाल्यावरही तो थांबत नाही. म्हणून आधी परतणं व्यर्थ आहे, असं म्हणणारेही तितकेच चुकतात. खमंग तपकिरी रंग आणि चव आणणारी प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते, आणि स्लो कुकर शंभरच्या वर जातच नाही. तव्यावर मिळेल तेवढाच खमंगपणा. दहा मिनिटं चवीसाठी द्यावीत, रसासाठी नव्हे.

यंत्राविषयीही असंच. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना या भांड्याचं पेटंट १९४०मध्ये मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी चोलंट या मांस-कडधान्याच्या रश्शाची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत, ही आईकडून ऐकलेली आठवण त्यामागे होती. रायव्हल कंपनीने १९७१मध्ये ते क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं. त्यावरच्या ‘लो’ आणि ‘हाय’ या खुणांमुळे वाटतं की एक आच मंद आणि दुसरी प्रखर. प्रत्यक्षात बहुतेक भांड्यांत दोन्हींवर अखेर उकळीच्या जरा खालचं तापमानच गाठलं जातं; फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो. झाकण घट्ट असल्याने वाफ फारशी उडत नाही, उलट मांसच भरपूर रस सोडतं, म्हणून पेलाभर पाणी पुरतं. तुकडा बुडेल इतकं ओतलं तर मांस जास्त मऊ होत नाही, रस्सा मात्र पाणचट होतो. सारखं झाकण उघडून पाहणं वाईट, कारण साठलेली उष्णता निघून जाते आणि प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं वाढतात. आणि भाज्या आधी शिजतात हाही भ्रम. गाजर-बटाट्यातलं पेक्टिन ८५ अंशांच्या खाली फारसं ढिलं पडत नाही, टोमॅटो किंवा वाइनच्या आंबटपणात तर त्याहून सावकाश. म्हणून त्यांची जागा मांसाखाली, भांड्याच्या तप्त कडांना लागून.

प्रेशर कुकर घरोघरी असलेला मराठी वाचक इथे विचारेल की मग आठ तास कशाला? शंका रास्त आहे. आपल्या कुकरमध्ये पाणी १२०च्या आसपास उकळतं आणि तेवढ्या उष्णतेत कोलॅजन तासाभरात विरघळतं. पण त्या तापमानाला तंतूही जास्त पिळले जातात, आणि मऊ मांस ते कोरडे धागे यांतलं अंतर काही मिनिटांचं उरतं. स्लो कुकरमध्ये ते तासाभराचं असतं. त्याचा खरा फायदा हाच. अमर्याद मात्र नाही, बारा तास ठेवलेला रोस्टही भुसा होतोच. मांस लवकर मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावण्याचा तोडगा इथे घातकच. मसाल्यात घालून लावून ठेवली तरी तिचा रस काही मिलिमीटरच आत जातो, आणि तिचं विकर ६० ते ७० अंशांना सर्वाधिक सक्रिय असतं. स्लो कुकर नेमका या टप्प्यातून रेंगाळत जातो, त्यामुळे वरचा थर पिठूळ होतो आणि आतला जसाच्या तसा राहतो. सीख कबाबला ती शोभते, इथे नाही.

मंद आचेवर जंतू वाढतील, ही भीती अर्धीच खरी. धोक्याचा पट्टा ४ ते ६० अंशांचा. फ्रिजमधून काढलेला, पूर्ण वितळलेला तुकडा तो वेळेत ओलांडतो. फ्रीझरमधला दगड तसाच टाकला तर नाही. गंमत अशी की ज्या यंत्राचं पहिलं नाव ‘नॅक्सन बीनरी’ होतं, त्यात खरी जपून वापरायची वस्तू मांस नसून राजमा आहे. त्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट अर्धवट तापल्याने जास्त जाचक ठरू शकतं. म्हणून राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. उरलेला रोस्ट त्याच भांड्यात झाकून रात्रभर निवत ठेवू नये, कारण जाड मातीचं भांडं तासन् तास कोमट राहतं. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी चरबी वर थिजलेली असते, ती सहज काढता येते. आणि गार तुकडा तंतूंना आडवा कापला, रश्शात घालून गॅसवर उकळी आणली की कापं न मोडता गरम होतात.