रात्रीचा रस्ता आणि उष्णता पाहणारा कॅमेरा

(विज्ञान व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांची निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

आजच्या विषयाचं नाव जरा परदेशी वाटेल: थर्मल नाईट व्हिजन. पण प्रश्न आपल्या रोजच्या रस्त्यावरचा आहे. रात्री साडेआठची वेळ, गावाबाहेरचा रस्ता. समोरच्या गाडीने अप्पर लावलाय, तुमचे डोळे दिपलेत, आणि नेमका त्याच वेळी गडद कपड्यांतला एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडतोय. तो तुम्हाला किती अंतरावर दिसेल?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. आणि दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले तर सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळात होतात. अमेरिकेत माणसं आपल्यापेक्षा खूपच कमी चालतात, तरी तिथे त्याच वर्षी सुमारे ७,५०० पादचारी गेले आणि त्यांतले चारातले तीन अंधारात.

आधी साधा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोर काही दिसलं की मेंदूने ते ओळखायचं, पाय ब्रेकवर न्यायचा, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८ मीटर. ओल्या रस्त्यावर हाच आकडा ९५ च्या आसपास जातो.

आता दुसरी बाजू बघा. डिप्परवर हेडलाईटचा उपयोगी प्रकाश ५०-६० मीटर पडतो. गडद कपड्यांतला माणूस तर त्याच्या निम्म्या अंतरावर आल्याशिवाय नजरेत भरत नाही. म्हणजे पाहिजेत ६८ मीटर आणि हातात आहेत तीस. तीस मीटरांत थांबायचं असेल तर वेग ४५ च्या आसपास हवा. आपल्यातले किती जण रात्री डिप्परवर ४५ ने जातात? हात वर करू नका, उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

ही जी तूट आहे ना, दिसण्याचं अंतर आणि थांबण्याचं अंतर यांच्यातली, ती भरून काढण्यासाठी थर्मल कॅमेरा आला.

प्रत्येक माणूस एक दिवा

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. तेच अवरक्त किरण, ज्यांना आपण इन्फ्रारेड म्हणतो.

गंमत अशी की हे किरण सोडायला सूर्यच लागतो असं नाही. कुठलीही वस्तू आपल्या तापमानानुसार ते सोडत असते. आपली त्वचा ३३-३४ अंशांवर असते. तेवढ्या तापमानाला ती दर चौरस मीटरमागे सुमारे ५०० वॅट एवढी ऊर्जा बाहेर टाकते. आजूबाजूच्या वस्तूंकडून तिला बरीचशी परत मिळते, म्हणून आपण गारठून जात नाही. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने अंधारात उभा असलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक गाय, प्रत्येक कुत्रा हा एक पेटलेला दिवा आहे. फक्त त्याचा प्रकाश १० मायक्रॉनच्या आसपास आहे, आणि आपले डोळे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतच पाहतात.

आणखी एक नशिबाची गोष्ट. ८ ते १४ मायक्रॉन या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. त्यामुळे शंभर-दोनशे मीटरवरच्या माणसाची उष्णता कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. हेडलाईट नसला तरी चालतं. समोरून येणाऱ्याच्या अप्परने हा कॅमेरा दिपतही नाही. आपल्याकडे हा फायदा अंधारात दिसण्याइतकाच मोठा मानला पाहिजे.

दोन प्रकार, एकच नाव

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. ‘नाईट व्हिजन’ या एकाच नावाखाली दोन वेगळी तंत्रं विकली जातात.

पहिल्या प्रकारात गाडी स्वतः न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकते आणि कॅमेरा तो परत आलेला टिपतो. टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच मोबाईलमध्ये जांभळट ठिपका दिसेल. तो हाच प्रकाश. याचं चित्र ओळखीचं, कृष्णधवल सिनेमासारखं दिसतं, पण तो शेवटी एक अदृश्य हेडलाईटच आहे. दिवा जिथवर पोहोचतो तिथवरच दिसणार.

दुसरा प्रकार म्हणजे खरा थर्मल. तो काहीच टाकत नाही, फक्त आलेली उष्णता वाचतो. त्याच्या आत व्हॅनेडियम ऑक्साईडसारख्या पदार्थाचे हजारो सूक्ष्म तुकडे असतात. किरण पडला की तुकडा किंचित तापतो, तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून चित्र तयार होतं. अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही तो पकडू शकतो.

हा कॅमेरा पुढच्या काचेमागे का बसवत नाहीत, असा प्रश्न पडेल. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी भट्टीसारखी का तापते, ते आठवा. ऊन काचेतून आत येतं, पण आतल्या वस्तूंचे उष्णतेचे किरण त्याच काचेतून बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणजे थर्मल कॅमेऱ्यासाठी पुढची काच ही भिंतच. म्हणून तो बाहेर, जाळीत बसवतात आणि त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. डोळ्याला ते धातूसारखं अपारदर्शक दिसतं, या किरणांना मात्र ते काचेसारखं. जर्मेनियम महाग, हे या यंत्रणेच्या किमतीचं एक कारण.

गाडीत कधी आला?

कॅडिलॅकने २००० सालच्या डेव्हिल मॉडेलमध्ये थर्मल यंत्रणा दिली. ती पहिली. चित्र चालकासमोर काचेवर उमटायचं. २००४ नंतर ती बंद झाली. त्याच वर्षी जपानमध्ये होंडाने लेजंड गाडीत पुढचं पाऊल टाकलं: नुसतं चित्र न दाखवता त्यात माणूस ओळखून चालकाला सावध करायचं. २००५ मध्ये बीएमडब्ल्यूने थर्मल पद्धत घेतली, मर्सिडीजने दिव्याची.

होंडाचं ते पाऊल महत्त्वाचं का? कारण चालकाची नजर रस्त्यावर हवी, पडद्यावर नाही. पडद्याकडे एक सेकंद पाहिलं की ८० च्या वेगात २२ मीटर आंधळे गेले. चित्र पाहत गाडी चालवायची असेल तर कॅमेरा धोकाच वाढवेल. चांगल्या यंत्रणेने माणूस दिसल्यावरच आवाज द्यावा किंवा त्याच्या दिशेने दिव्याची उघडझाप करावी.

आणि ‘३०० मीटरपर्यंत दिसतं’ या जाहिरातीचा अर्थही समजून घ्या. समजा चित्र ३२० ठिपके रुंद आहे आणि कॅमेरा २४ अंशांचा पट्टा पाहतो. मग १०० मीटरवर एक ठिपका सुमारे १३ सेंटिमीटरचा होतो. माणूस उंचीला तेरा ठिपक्यांचा. ३०० मीटरवर तोच चार ठिपक्यांचा. काहीतरी गरम आहे एवढं कळेल, माणूस आहे की वासरू, हे नाही. पण १०० मीटरवर जरी खात्रीने कळलं, तरी आपल्या ६८ मीटरच्या हिशेबात आपण वाचलो.

उष्णता दिसते, धोका नाही

आता आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा. हा कॅमेरा धोका पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. या दोन गोष्टी बऱ्याचदा जुळतात, पण नेहमी नाही.

जानेवारीतली नाशिककडची रात्र घ्या. हवा १० अंश, माणसाचा चेहरा तीसच्या आसपास. चित्र लख्ख. आता मे महिन्यातलं चंद्रपूर घ्या. दुपारभर तापलेलं डांबर अंधार पडल्यावरही पस्तिशीच्या घरात असतं आणि माणसाची त्वचाही तितकीच. दिवा आणि भिंत एकाच रंगाचे झाले, तर दिवा दिसणार कसा? रस्ता निवत जाताना अशी एक वेळ येते, आणि उन्हाळ्यात ती नेमकी वर्दळीच्या वेळी येऊ शकते.

पावसाळ्यात ओलं अंग, ओला रस्ता, ओली झाडं यांचं तापमान जवळ येतं, शिवाय थेंब किरणांना अडवतात. धुक्याचंही तसंच. विरळ धुक्यात किंवा धुरात हा कॅमेरा डोळ्यापेक्षा पुढे पाहतो. पण आंबोली किंवा माळशेज घाटात जे दाट धुकं उतरतं, त्यातले थेंब दहा मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे किरणाच्या तरंगलांबीएवढेच असू शकतात. तिथे त्याचीही मात्रा चालत नाही.

आणि आता आपली उसाची ट्रॉली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मंडळींना सांगायला नको. हंगामात रात्री रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असलेली, मागे दिवा नसलेली, ऊस बाहेर आलेली ट्रॉली. चालती असेल तर घर्षणाने तापलेली चाकं तरी कॅमेऱ्यात दिसतील. दोन तास उभी असेल तर चाकं गार आणि ऊस हवेइतकाच गार. बैलगाडी असेल तर बैल चांगले गरम, पण मागून पाहणाऱ्याला ते उसाच्या भाऱ्याआड लपलेले. शिवाय ओळखणारा प्रोग्राम शिकलेला असतो माणसं आणि मोठे प्राणी ओळखायला. गार ट्रॉलीबद्दल तो मुकाच राहण्याची शक्यता जास्त. तिथे जीव वाचवणारी वस्तू म्हणजे मागे लावलेला थोड्या रुपयांचा रिफ्लेक्टर. थर्मल कॅमेऱ्याला तो दिसत नाही, पण तुमच्या हेडलाईटला दुरून दिसतो.

म्हणून एकाच डोळ्यावर भिस्त नको. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी झाले होते. पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर काहीच फरक आढळला नाही. २०२४ मध्ये तिथे जाहीर झालेल्या नियमात, ही यंत्रणा अंधारातही चालली पाहिजे अशी अट आली. ती थर्मल कॅमेऱ्याने पाळा की आणखी कशाने, हे कंपन्यांवर सोडलं आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझ्या जुन्या गाडीला असा कॅमेरा बाहेरून बसवता येईल का?

उत्तर: येईल, पण चार गोष्टी विचारा. एक, तो ‘थर्मल’ आहे का? नुसतं ‘नाईट व्हिजन’ लिहिलेले बरेच डॅशकॅम साधे कॅमेरेच असतात. दोन, तो काचेच्या बाहेर बसतो का? आत बसवा म्हणणाऱ्याला जर्मेनियमची गोष्ट सांगा. तीन, सेकंदाला किती चित्रं? स्वस्त कॅमेरे नऊच देतात. ८० च्या वेगात दोन चित्रांमध्ये गाडी अडीच मीटर पुढे जाते. पंचवीस तरी हवीत. चार, तो माणूस ओळखून आवाज देतो का? नुसता पडदा असेल तर तुमची नजर तिकडे ओढली जाईल.

प्रश्न: आम्ही दुचाकीवाल्यांनी काय करायचं?

उत्तर: सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यात ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते, त्यामुळे प्रश्न अगदी योग्य आहे. आपल्याला दिसण्याइतकंच आपण दुसऱ्याला दिसणं महत्त्वाचं. मागचा दिवा चालू आहे ना, ते निघताना बघा. हेल्मेटवर, बॅगेवर चकाकणारी पट्टी लावा. चालायला जाणाऱ्या घरच्या ज्येष्ठांनाही अशी पट्टी द्या. ती थंडीत, उन्हाळ्यात सारखीच काम करते आणि तिला बॅटरी लागत नाही.

आणि गाडी चालवणाऱ्यांना, कॅमेरा असो वा नसो: जेवढं दिसतं त्याच्या आत थांबता येईल, एवढाच वेग ठेवा. कॅमेऱ्याने जे जास्तीचे सेकंद मिळतात ते थांबण्यासाठी आहेत. आता लांबचं दिसतंय म्हणून वेग वाढवलात, तर ते सेकंद तुम्ही तिथल्या तिथे खर्च करून टाकले.