रक्तांत असतें तें किती?

सोयरीक जुळवितांना कुळाची चौकशी करण्याची आपली जुनी रीत आहे. त्या चौकशींत ‘त्यांच्या घराण्यांत वेड आहे’ एवढें एक वाक्य कानीं पडलें, कीं बोलणें तेथेंच थांबतें. श्रोतेहो, या वाक्यांत सत्य किती आणि भीति किती, तें आज पाहूं.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत आमिश नांवाचा ख्रिस्ती पंथ आहे. हे लोक पंथांतच विवाह करतात आणि वंशावळी जपून ठेवतात. त्यांच्या कांहीं घराण्यांत उन्माद आणि विषाद यांचे झटके पाळीपाळीनें येत. ‘तें रक्तांतच आहे’ असें ते स्वतःच म्हणत. जॅनिस एगलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एका घराण्याचें रक्त तपासून १९८७ सालीं जाहीर केलें, कीं या विकाराचें मूळ अकराव्या गुणसूत्रावर आहे. पण पुढें तोंवर निरोगी गणलेल्या दोघांना विकार जडला, घराण्याची आणखी एक शाखा तपासली गेली, आणि १९८९ सालीं तें अनुमान ढासळलें.

मग आनुवंशिकता खोटी काय? मुळींच नाहीं. हुबेहूब जुळ्यांपैकीं एकास हा विकार असल्यास दुसऱ्यासहि तो होण्याचा संभव फार मोठा असतो. तरीहि दुसरा निरोगी राहिल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. वारसा एकच, गति मात्र निराळी! कारण हा एका जनुकाचा खेळ नव्हे. अनेक जनुकांतील बारीक भेद थोडा थोडा भार घालतात, आणि बालपणींचे आघात, व्यसन, जागरण यांची त्यांत भर पडते.

हा विकार सामान्यतः शंभरांत सुमारें एकास होतो. आई किंवा बाप रुग्ण असल्यास शंभरांत ५ ते १० मुलांस. म्हणजे ९० तरी त्यांतून सुटतात. केवळ विषादाच्या विकारांत वारशाचा वाटा याहूनहि कमी असतो.

खरा धोका लपविण्यांत आहे. ज्या घरांत पूर्वीं उन्माद झाला, तेथील तरुण विषादानें ग्रासल्यास केवळ विषादावरील औषधानें कधींकधीं उन्माद उफाळतो. डॉक्टरांना हा इतिहास आधीं कळला, तर ते औषध जपून योजतात. पण जें व्याह्यांपासून लपविलें जातें, तें बहुधा डॉक्टरांपासूनहि लपतें. काकांचें किंवा आत्याबाईंचें दुखणें हा घराण्याचा कलंक नव्हे. पुढच्या पिढीच्या उपचारास तो उपयोगी पडणारा दाखला आहे.