बिघाड मेंदूत की वायरीत?

आमच्या डहाणूचं औष्णिक वीज केंद्र 500 मेगावॉटचं. तिथली वीज तारांवरून मुंबईच्या उपनगरांत जाते. समजा, उपनगरातल्या एका घरात अंधार झाला, तर केंद्र बंद पडलं असं कुणी इंजिनिअर म्हणेल का? तो आधी विचारेल, 'एकच घर गेलं की अख्खा भाग?' मी तलासरी तालुक्यातला, शिकतोय इलेक्ट्रॉनिक्स. डॉक्टर नाही. पण मज्जासंस्थेबद्दल वाचताना जाणवलं की मेंदूचे डॉक्टरसुद्धा हाच प्रश्न विचारतात: बिघाड नेमका कुठे?

आधी सर्किट समजून घेऊ

मेंदूचं वजन दीड किलोहून कमी, पण त्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी! आणि हे सगळं चालतं जेमतेम 20 वॉटवर. शाळेत शिकलेली नावं आठवा. प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू: विचार, स्मरण, बोलणं, हालचालींचे हुकूम. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू: तोल. मस्तिष्कपुच्छ: श्वास आणि हृदयाचे ठोके. तिथून खाली मेरुरज्जू ही मुख्य केबल आणि तिच्यातून फुटलेल्या नसा म्हणजे वायरी.

आता बिघाड बघू. अचानक तोंड वाकडं झालं, उजवा हात-पाय लुळा पडला, बोलता येईना. आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' हा पक्षाघात. हातापायाच्या वायरी मेंदूखाली एकमेकींना ओलांडतात, म्हणून उजवं अंग गेलं तर दोष बहुधा डाव्या मेंदूत असतो. तिथली रक्तवाहिनी तुंबलेली असते, नाहीतर फुटलेली. कुठलं ते स्कॅनशिवाय कळत नाही. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात.

फिट येणं म्हणजे अपस्मार. यात वायर तुटलेली नसते, अनेक चेतापेशी एकाच वेळी बेताल सिग्नल सोडतात, इतकंच. कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीही होत नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

आमच्याकडचा खरा शत्रू: मण्यार

मेंदू ठणठणीत, केबल ठणठणीत, तरी माणूस हलत नाही, असं होईल का? होतं. पावसाळ्यात आमच्या पाड्यांवर बरीच माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण कित्येकदा सापडतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं नाहीतर बाहेरचं काही लागलं.

होतं काय? नस स्नायूला थेट चिकटलेली नसते, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. सिग्नल आला की नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि स्नायूवरच्या ग्राहकांत बसतं. तेव्हा स्नायू आकसतो. नागाचं विष हे ग्राहक अडवतं, म्हणजे सॉकेटमध्ये बूच! मण्यारीचं विष मुख्यतः नसेचं टोकच निकामी करतं. मेंदू हुकूम सोडतोय, वायरीतून तो येतोय, पण कनेक्टर जळालाय.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डोळे मिटलेले, हात पडलेला, कधी कधी बुबुळंही उजेडाला दाद देत नाहीत. बघणारा म्हणतो, 'संपलं.' पण आत तो माणूस जागा असू शकतो, आपलं रडणं ऐकत असू शकतो! प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं, जळालेला कनेक्टर जोडत नाही. म्हणून ते लवकर द्यावं लागतं. एकदा श्वास थांबला की मशीनवर श्वास द्यावा लागतो. नसेची टोकं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत पुन्हा वाढतात आणि माणूस चालत घरी जातो. तोवर श्वास मिळाला पाहिजे, एवढीच अट.

मग भगताचं काय?

शहरातले मित्र हसतात. पण मध्यरात्री पाड्यावर हाकेला ओ देणारा भगतच असतो. डहाणू, कासा किंवा तलासरीचं सरकारी रुग्णालय लांब, आणि पुढे पाठवलं तर सिल्वासा नाहीतर वलसाड. त्यात बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे रोगी बरे होतात आणि गुण मंत्राच्या नावावर जमा होतो. मण्यारीच्या बाबतीत मात्र तो गेलेला तास परत मिळत नाही.

आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेने डहाणू तालुक्यात सर्पदंशावर काम करताना भगतांना वगळलं नाही, उलट सोबत घेतलं. मला हे पटतं. भगताला हटवायचं कशाला? 'आधी गाडी, मग मंत्र' एवढं त्याने म्हटलं तरी जीव वाचेल.

तेव्हा सुट्टीत गावी गेलात की एवढं घरोघर सांगा. खाटेवर झोपा, नाहीतर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री टॉर्च घ्या. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करा. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या तर साप दिसण्याची वाट बघू नका. आणि हालचाल थांबली म्हणून माणूस संपला असं डॉक्टरांनी तपासल्याशिवाय समजू नका. तोंडाने श्वास देत राहा, रुग्णालय गाठा.