हिशेबातली तूट

ये, बस अशी जवळ. संगमावरच्या पांढरीच्या टेकाडात काय पुरलंय, असं विचारलंस ना? आपल्या प्रकाशा गावात तापी आणि गोमाई नद्या भेटतात, तिथलं ते टेकाड 1954-55 साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी खणलं. पार तळाशी तांबं आणि गारेची बारीक पाती वापरणाऱ्या माणसांची वस्ती निघाली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची.

इतक्या जुन्या वस्तीतल्या चुलीतला कोळसा हातात घेतलास तर थंडगार लागेल. पण आत त्याची गडबड अजून चालूच असते. झाड जिवंत असताना हवेतून थोडासा कार्बन-14 घेतं. त्याचा अणू कधीतरी फुटतो, नायट्रोजन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. साडेतीन हजार वर्षांनीही त्यातले दोन तृतीयांश अणू शिल्लक असतात, आणि ग्रॅमभर कार्बनात मिनिटाला नऊएक फुटत राहतात. हे मोजूनच वस्तीचं वय काढतात.

आता नीट ऐक, गोम इथं आहे. कार्बन-14 चे सगळे अणू एकसारखे आणि नायट्रोजनचेही एकसारखे. मग प्रत्येक फुटीत मोकळी होणारी ऊर्जाही ठरलेलीच असणार, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन सारख्याच वेगानं निघायला हवा. पण तसं होत नाही! कुणी सुसाट सुटतो, कुणी रेंगाळत निघतो. सरासरी काढली तर इलेक्ट्रॉनच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा येते. उरलेली कुठं जाते?

असा फरक चॅडविक या शास्त्रज्ञानं 1914 सालीच पाहिला होता. काहींना वाटलं, इलेक्ट्रॉन वाटेत धडका खात असेल आणि उरलेली ऊर्जा तिथंच उष्णता होऊन राहत असेल. म्हणून 1927 मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी फुटणारं बिस्मथ बंदिस्त भांड्यात ठेवलं आणि त्याची सगळी उष्णता मोजली. भरली ती एक तृतीयांशच. तूट खरी होती.

नील्स बोर केवढा मोठा माणूस, पण तोही म्हणू लागला की अणूच्या पोटात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दर वेळी पाळला जात नसेल, फक्त सरासरीत पाळला जात असेल. वोल्फगांग पाउलीला हे पटेना. 4 डिसेंबर 1930 ला त्यानं जर्मनीतल्या ट्युबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र धाडलं. स्वतः गेला नाही, कारण झुरिचमध्ये त्याला एका नाचाच्या समारंभाला जायचं होतं! पत्रात त्यानं सुचवलं की इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असावा. त्याला विद्युतभार नाही, वजन जवळपास नाही, आणि तूट तोच घेऊन जातो. पुढे एन्रिको फर्मीनं त्याला न्यूट्रिनो म्हटलं.

"पण आजोबा, दिसत नाही त्याला मानायचं कसं?"

बरोबर विचारलंस गं. तू घाटाला लागलेल्या नावेतून पायरीवर उडी मारतेस तेव्हा नाव काय करते? मागे सरकते. तू पुढे, नाव मागे. हा संवेगाचा हिशेब. समज, नाव आपोआप मागे सरकली आणि उडी मारणारं कुणीच दिसलं नाही. तरी तू म्हणशीलच, कुणीतरी उतरलं! 1952 मध्ये रोडेबॅक आणि ॲलन यांनी नेमकं हेच पाहिलं. आर्गॉन-37 चा अणू स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतो आणि क्लोरिन होतो. तेव्हा केंद्रकातून न्यूट्रिनोशिवाय काहीच निघत नाही. तरी तो क्लोरिन सेकंदाला 7 किलोमीटर वेगानं मागे उडाला, गणितानं सांगितला होता तेवढाच. ऊर्जेची वही आणि संवेगाची वही, दोन्हींत एकच तूट आणि ती नेणाराही एकच. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

त्याला प्रत्यक्ष पकडलं ते 1956 साली, राइन्स आणि कोवन यांनी, अमेरिकेतल्या एका अणुभट्टीशेजारी. भट्टीतून न्यूट्रिनोंचा पूर वाहत होता, पण उपकरणात धडकायचे तासाला तीनेकच. धडकेची खूण म्हणजे प्रकाशाच्या दोन चमका, एकीमागून लगेच दुसरी. पाउलीला तार गेली तेव्हा त्याच्या पत्राला सव्विसावं वर्ष लागलं होतं.

आपल्याकडच्यांचाही यात वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं, ओसाका आणि डरहॅमच्या मंडळींसोबत, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली. आकाशातून म्युऑन नावाच्या कणांचा सतत मारा होतो. इतक्या खडकाखाली त्यातले फार थोडे पोचतात, आणि तेही जवळपास सरळ वरून. आडवा आलेला म्युऑन कित्येक किलोमीटर खडक पार करून येऊच शकत नाही. तो जवळच्या खडकातच जन्मला असणार, आणि त्याला जन्म देईल असा तिथवर पोचणारा एकच, न्यूट्रिनो. 1965 साली त्यांना असे आडवे माग सापडले. वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपला गेला तो त्याच वर्षी, कोलारला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत.

आता तुझं नख बघ. सूर्याकडून आलेले सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तेवढ्याशा जागेतून आरपार जातात. आणि रात्री? सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो, तेव्हा ते जमिनीखालून वर येतात. तेवढेच.