सुवर्णभस्म आणि क्ष-किरण

“सुवर्णभस्म घेतले तर सीटी स्कॅनपूर्वीचे आयोडीनचे इंजेक्शन टळेल का?” लिंबागणेश येथे एका मूत्रपिंडविकारी रुग्णाने मला विचारले. प्रश्न निराधार नव्हता. आयोडीनचा अणुक्रमांक ५३, सुवर्णाचा ७९. म्हणून सुवर्ण क्ष-किरण अधिक शोषते. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने गवती चहाच्या अर्काने सुवर्णाचे अतिसूक्ष्म त्रिकोणी कण घडविले. २००६ मध्ये अमेरिकेत १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण शिरेतून दिल्यावर उंदरांच्या रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे क्ष-किरणचित्रात स्पष्ट उमटली. परंतु तेथील मात्रा शरीरभाराच्या दर किलोमागे ग्रॅममध्ये होती. मुखावाटे दिल्या जाणाऱ्या भस्माची मिलिग्रॅममध्ये. वैद्यबंधूंनो, केवळ नामसाम्यावर रुग्णास आश्वासन देणे हा प्रज्ञापराधच होय. मी त्यास क्रिएटिनीनच्या अहवालासह क्ष-किरणतज्ज्ञाकडे पाठविले.