चाळीस फुटांचा इंच

मुंबईच्या सात बेटांचं चित्र एव्हाना पाठ झालं आहे: निळ्या पाण्यात सात हिरवे ठिपके, कुलाब्यापासून माहीमपर्यंत. ते पाहून आपण जुना नकाशा पाहिला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते चित्र एकोणिसाव्या शतकातल्या तर्काचं फळ आहे. आर. एक्स. मर्फी या अभ्यासकानं जागांची नावं, जुन्या रहिवाशांच्या बोली आणि सखल जमिनी यांचा मेळ घालून त्याची मांडणी केली. सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या लेखी मुंबई हे एकच बेट होतं, फक्त भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जायचा. मर्फीचा तर्क हुशारीचा होता, पण एखाद्या मोहल्ल्याचा माग काढायचा तर हे चित्र काही कामाचं नाही. तिथं उपयोगी पडतो तो रुक्ष, कंटाळवाणा, जमीन महसुलासाठी काढलेला नकाशा.

मुंबईत असा सगळ्यात रुक्ष, म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाचा नकाशा कर्नल लॉटनचा. १८६५ ते १८७२ या काळात त्याच्या हाताखाली शहराची मोजणी झाली. हा काळही बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे आलेली कापसाची तेजी नुकतीच ओसरली होती. शेअरबाजार कोसळला होता, बॅकबेची भरणी करायला निघालेली कंपनी बुडाली होती, कोटाचे, म्हणजे जुन्या किल्ल्याचे, तट पाडले जात होते. जमिनीनं मधल्या काळात इतके हात बदलले होते की कुणाची हद्द कुठवर हे सांगणारा भक्कम कागद कलेक्टरला हवाच होता. लॉटननं दाट वस्तीसाठी प्रमाण ठेवलं चाळीस फुटांना एक इंच. म्हणजे बारा फुटी गल्ली कागदावर साडेसात मिलिमीटर रुंद दिसते, आणि दहा फूट व्यासाची विहीर हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आजही दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतीचं खरेदीखत उघडलं तर कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबराच्या आगेमागे ‘लॉटन्स सर्व्हे नंबर’ लिहिलेला सापडतो. वकिलांसाठी तो नकाशा अजून जिवंत आहे.

याआधीची मोठी मोजणी कॅप्टन डिकिन्सनची, १८१२ ते १८१६ मधली. या दोन मोजण्यांमध्ये साधारण अर्धशतक आहे, आणि दक्षिण मुंबईतल्या गिरगावचं गिरगावपण बरंचसं या अर्धशतकात घडलं. १८०३ च्या आगीत कोटातली बरीच घरं जळाली. त्यानंतर सरकारनं वस्ती कोटाबाहेर सरकवायला सुरुवात केली. गिरगाव तेव्हा माडांच्या बागांचं. बागांचे तुकडे पडले, त्यांवर घरं उठली आणि पुढं त्याच तुकड्यांवर चाळी. म्हणूनच फणसवाडी, केळेवाडी, खोताची वाडी या वाड्यांत शिरायला अजूनही एखादाच बोळ आणि आत चौक. बागेचं कुंपण होतं तिथंच चाळीची मागची भिंत आली. नगररचनाकारांना ही रचना गबाळी वाटते. जुन्या बागेच्या हद्दी डोळ्यांपुढं ठेवल्या की ती चोख लागते.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणं हे तसं संगणकाचं काम. क्यूजीआयएससारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, स्कॅन केलेला कागद त्यात चढवायचा आणि दोन्हीकडं सारख्या सापडणाऱ्या खुणा एकमेकींना जोडत जायचं. चार खुणांवर काम भागतं, पण भरवसा बसायला पंधरावीस लागतात. दीडशे वर्षांचा कागद दमट हवेत ताणलेला असतो, घड्यांपाशी आक्रसलेला असतो, त्यामुळे एक कोपरा जुळला की दुसरा वीस फूट सरकतो. खरी कसरत मात्र खुणा निवडण्याची. न हललेली जागा हवी, आणि मुंबईत तशा जागा कमी. रस्त्याची कडा चालत नाही, कारण रस्ते रुंद झाले. किनारा तर मुळीच चालत नाही. देऊळ चालतं, पण गाभारा जुना आणि सभामंडप नवा, हे ध्यानात ठेवून. दफनभूमी आणि स्मशानं सगळ्यांत उत्तम.

गिरगावच्या दक्षिण टोकाची चंदनवाडी घ्या. लॉटनच्या आधी सोनापूर म्हणून ओळखली जाणारी ही जागा बॅकबेच्या काठावर होती. चिता पेटायची ती समुद्रासमोर. मग किनाऱ्यालगत बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ आले. रुळांपलीकडं भरणी होऊन १८९० च्या आसपास जिमखान्यांची मैदानं झाली आणि १९३० नंतरच्या दशकात त्यापुढं मरीन ड्राइव्ह. स्मशान जिथल्या तिथं आहे, समुद्र तेवढा पश्चिमेला गेला. पण ते जिथल्या तिथं राहिलं ते आपोआप नव्हे. सरकारला ते शिवडीला हलवायचं होतं. शहरातले वजनदार पुढारी जगन्नाथ शंकरशेट यांनी तो बेत हाणून पाडला. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीरही पारश्यांच्या श्रद्धेनं टिकली. आपण ज्यांना स्थिर खुणा म्हणतो त्यांपैकी बऱ्याच कुणीतरी भांडून स्थिर ठेवलेल्या असतात, हे या कामात फार लवकर कळतं.

ज्यांच्यासाठी कुणी भांडलं नाही किंवा भांडून हरलं, त्यांची यादी लांब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विहिरींवर संक्रांत आली. मलेरियाची कारणं शोधायला नेमलेल्या डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये आला. घराघरांतल्या उघड्या विहिरींत अ‍ॅनोफिलीस डास पैदा होतो, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यावर विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा सुरू झाला. पारशी समाजानं धर्माच्या आधारे हरकत घेतली, काही विहिरी झाकणावर बचावल्या. तळ्यांची गत त्याआधीच लागली होती. १८६० मध्ये विहारचं नळाचं पाणी शहरात आलं आणि लोकांनी पदरमोड करून बांधलेली तळी नकोशी झाली. अठराव्या शतकात कावसजी पटेल यांनी बांधलेला तलाव आता सी. पी. टँक नावाच्या चौकापुरता उरला. धोबीतलावाचंही नाव तेवढं उरलं. गोवालिया टँकवर मैदान झालं, आणि ८ ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ हाकेनंतर ते ऑगस्ट क्रांती मैदान.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्तीत पश्चिमेचा वारा खेळावा म्हणून ट्रस्टनं प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पाडले. लॉटनच्या नकाशावर आज यांतला एखादा रस्ता ओढून बघा: आखणी कुणाच्या ओसरीतून, कुणाच्या विहिरीवरून, कुणाच्या मागच्या अंगणातून जाते. पाडलेल्या घरांत भाड्यानं कोण राहत होतं, हे मात्र नकाशा सांगत नाही. त्याला मालक ठाऊक, भाडेकरू नाही. त्या बाजूसाठी गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं ‘मुंबईचे वर्णन’ उघडावं लागतं. लॉटनची मोजणी सुरू होण्याच्या दोनच वर्षं आधीचं हे पुस्तक माणसांनी, धंद्यांनी, सणांनी गच्च भरलेलं आहे. नकाशा आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचले की एकाचं रिकामेपण दुसरं भरून काढतं. माझा कौल पुस्तकाआधी नकाशाला, पण तो केवळ आवडीचा भाग.

सध्या गिरगावात पुनर्विकासाची घाई आहे. मेट्रो तीनसाठी काही जुन्या इमारती गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासात पाचसहा लहान भूखंड एकत्र करून एक मोठा भूखंड केला जातो, तेव्हा नुसती इमारत पडत नाही, मधल्या हद्दीही मिटतात. त्या हद्दीच माडांच्या बागांच्या होत्या. पुढं कुणी लॉटनचा कागद ताज्या नकाशावर बसवायला घेतला तर वाड्यांचे कोपरे त्याला सापडणार नाहीत. चंदनवाडी, दोनचार देवळं आणि एखादी झाकलेली विहीर यांवरच त्याला गिरगाव जुळवावं लागेल.